तोंडी लावण्यापुरतं

१

अन्वीच्या रक्तात शिसं सापडलं, त्या दिवशी जर्मनीतल्या बॉबलिंगेनच्या मराठी मंडळींना न्यायाधीश व्हायची आयती संधी चालून आली. ती कुणीही दवडली नाही. रिपोर्ट दुपारी आला आणि चहाच्या वेळेपर्यंत 'मराठी कट्टा' या व्हॉट्सॲप ग्रुपवर आरोप, साक्षी, निकाल सगळं उरकूनही झालं. आरोपी ठरली कुंदा.

कुंदा घरी मसाले करायची. सांगलीच्या भावाकडून हळकुंडं मागवायची, स्वतः दळायची, आणि रीतसर नोंदणी करून ओळखीच्या घरांत द्यायची. हळदीचा पिवळा रंग खुलवायला लबाड व्यापारी तिच्यात शिशाचा रंग मिसळतात, हे एका फॉरवर्डमध्ये आलेलं होतं. फॉरवर्ड आला म्हणजे पुरावा आला. अन्वीच्या घरी हळद कुंदाची. संपलं!

काही दिवसांनी ऊर्मिला लुडविग्सहाफेनहून पोचली तेव्हा स्टेशनवर तिला घ्यायला तिची भाची, अन्वीची आई साधना नव्हती, कुंदा उभी होती. हातात हळदीची पुडी, डोळे रडून रडून सुजलेले, पण पाठ ताठ.

"ताई, साधनाची मावशी तुम्हीच ना? त्याच डब्यातली, त्याच दळणाची हळद आहे ही. तपासा. खोट निघाली तर मी आपल्या पायांनी पोलिसात जाते."

"आणि नाही निघाली तर?"

"तर काय व्हायचंय? ग्रुपवर हात जोडलेला एखादा इमोजी येईल."

ऊर्मिलाला ही बाई आवडली. अन्नात काय काय मिसळलेलं असतं ते शोधण्यात तिची स्वतःची हयात गेली होती. दालचिनीतलं शिसं, तांदळातलं आर्सेनिक, शेंगदाण्यावरची विषारी बुरशी तिच्या प्रयोगशाळेतल्या यंत्रांनी पकडली होती. यंत्रांना जे सापडत नाही ते ती माणसांच्या बोलण्यात शोधायची, आणि तिथे खोट फार लवकर निघायची.

"तुझी हळद आणखी कुणाकडे जाते?"

"निम्म्या ग्रुपकडे."

"त्यातलं कुणी आजारी आहे?"

"नाही हो."

"मग एवढ्या हुशार माणसांपैकी एकालाही हा प्रश्न पडला नाही?"

"ताई, ते सॉफ्टवेअरचे आहेत," कुंदा म्हणाली, आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा तिच्या ओठांचा कोपरा हलला.

"पहिला मेसेज कुणाचा?"

"पसरवला ग्रुपवरच्या लतिकाने. पण पहिला तुमच्या जावयांचा. मोठे इंजिनिअर ना! दिवाळीत याच ग्रुपने त्यांचे पोवाडे गायले होते. जुनी गाडी स्वतः उभी करतात, शेजाऱ्यांच्या सायकली दुरुस्त करतात, आईची भांडीसुद्धा उजळून देतात. हातात कला आहे म्हणे."

हळदीची पुडी तातडीने आपल्या प्रयोगशाळेकडे रवाना करून ऊर्मिला तिथून आधी हॉस्पिटलात गेली. डॉक्टर हेफेले बाई मोजकं बोलणाऱ्या होत्या. "औषधाने रक्तातलं शिसं उतरेल. पण ते येतं कुठून हे कळेपर्यंत मी मुलीला घरी सोडणार नाही. इथे आम्ही बादली उपसायची आणि तिकडे नळ चालूच, याला काही अर्थ आहे?" मग आवाज खाली आणून त्या म्हणाल्या, "मुलगी सहा वर्षांची आहे. या वयात मेंदूचं जे नुकसान होतं, ते आमच्या औषधाने भरून निघत नाही. नळ लवकर शोधा."

काचेपलीकडे अन्वी झोपली होती. भिंतीवर लावून विसरलेल्या कागदी फुलासारखा तिचा रंग उडून गेला होता.

२

दुसऱ्या दिवशी हृषिकेशने मावशींसाठी स्लाइड्स तयार ठेवल्या होत्या. मुलगी हॉस्पिटलात, आणि बाप स्लाइड्स करतो! ऊर्मिलाने चष्मा चढवला.

"आल्झो, तर मावशी, हे बघा. संभाव्य स्रोत तीन. पाणी, आईच्या वैद्याच्या गोळ्या आणि हळद. पहिले दोन मी एलिमिनेट केलेत. राहिली हळद. गेनाऊ, अगदी बरोबर!"

"पाणी कसं बाद केलंत?"

"वरच्या मजल्यावरच्या फ्राऊ श्मिड जन्मभर याच नळाचं पाणी पितायत. त्यांना काय झालंय? जिना झाडायची आपली पाळी चुकली की अजून तीन मजले ऐकू जाईल असं ओरडतात."

हे मात्र बरोबर होतं. येतानाच ऊर्मिलाने ते ओरडणं ऐकलं होतं.

"आणि गोळ्या?"

"त्या फक्त आई घेते. तिचं रक्त स्वच्छ आलंय."

"घरातल्या सगळ्यांचं रक्त तपासलंय ना? कुणाचं काय आलं?"

"माझं स्वच्छ, आईचं स्वच्छ. साधनाचं थोडं वाढलेलं. अन्वीचं..."

"हळद तुम्ही खात नाही वाटतं, हृषिकेशराव?"

"खातो की."

"विहीणबाई खातात?"

"अर्थात."

"मग या हळदीला घरातली माणसं ओळखता येतात, असं म्हणायचं. अन्वीला धरते, साधनाला जरा कमी धरते, आणि तुम्हा मायलेकरांना सोडून देते."

हृषिकेशने लॅपटॉप अर्धा मिटला. "मुलांची बॉडी वेगळी असते, मावशी."

"आणि साधनाची?"

त्याने लॅपटॉप पुन्हा उघडला, पण याची स्लाइड त्यात नव्हती.

तेवढ्यात त्याच्या आईंनी, यमुनाबाईंनी, जेवायला वाढलं. दिवाळीला पुण्याहून आलेल्या या आजीबाई नातीच्या आजारपणामुळे परतायच्या राहिल्या होत्या. भाषा येत नाही, थंडी सोसत नाही, आणि घर सोडून फक्त हॉस्पिटलची बस ओळखीची. स्वयंपाकघराचा एवढा एक कोपरा त्यांनी आपलासा केला होता. फळीवर पितळेचा तांब्या, पळी आणि डबा लख्ख घासून मांडले होते, आणि त्यांच्या मधोमध एक मोठी गोल जागा रिकामी होती.

"इथे काय होतं, विहीणबाई?"

"माझं पातेलं हो. सासूबाईंचं. इकडे येताना कपड्यांत गुंडाळून आणलं मी. हृषीने उजळायला नेलंय. आता सगळं स्टीलच्याच भांड्यात करते, पण त्यात हात रमत नाही बघा."

आमटीची वाटी पुढे येताच हृषिकेशने हात आडवा धरला. "आई, चिंच नको. माझं पित्त."

"लहानपणापासून असाच हा. आंबट म्हटलं की लांब पळायचा," यमुनाबाई म्हणाल्या. मग त्यांनी स्वतःसाठी बिनसाखरेचा चहा ओतून घेतला. "आणि मला गोड चालत नाही. मला साखरेचं दुखणं आहे ना! म्हातारपणी सगळ्या चवी दुसऱ्यांसाठीच करायच्या."

जेवण होतंय तोच प्रयोगशाळेतून ऊर्मिलाच्या सहकाऱ्याचा फोन आला. ती ऐकत राहिली आणि मग फोन ठेवून म्हणाली, "कुंदाची हळद स्वच्छ आहे. बाजारातल्या कित्येक हळदींपेक्षा स्वच्छ."

हृषिकेश हसला. गुळगुळीत, मीटिंगमधलं हसणं. "एका पुडीवरून काय सिद्ध होतं? तिनेच आणून दिली ना ती? चांगलीच देणार!"

त्याला उत्तर द्यायला ऊर्मिलाने तोंड उघडलं, तोच फोन पुन्हा वाजला. हॉस्पिटलातून साधना होती. तिचा आवाज ओळखू येत नव्हता.

"मावशी, शिसं पुन्हा चढलंय. अगं, ती घरी नाहीये, आठवड्यात घरचा घाससुद्धा नाही तिच्या पोटात... आणि तरी चढलंय!"

३

ग्रुपला कोडं वगैरे पडलं नाही. मधे एकदा कुंदा फुलं घेऊन अन्वीला बघून गेली होती, एवढी बातमी लतिकाला पुरली. 'फुलंच होती का नक्की?' असं तिने लिहिलं, आणि खाली विचारात पडलेल्या पिवळ्या चेहऱ्यांची रांग लागली. ज्या बायकांनी संक्रांतीला कुंदाच्या गुळपोळ्या हादडल्या होत्या, त्यांचेच चेहरे ते.

दुसऱ्या दिवशी सकाळपासून ऊर्मिला हॉस्पिटलात खुर्ची टाकून बसली. डॉक्टर हेफेले येऊन गेल्या. "हाडांत साठलेलं थोडं शिसं रक्तात परत उतरतं, तेवढं आम्ही धरूनच चालतो. हे त्याहून जास्त आहे. रोज तिच्या पोटात नवं जातंय." मग साधनाला त्यांनी जर्मनमध्ये पुन्हा विचारलं, "घरचं काही जेवण?"

"नाइन," साधना म्हणाली. "काही नाही. तुम्ही सांगितल्यापासून एक डबासुद्धा नाही."

ती खरं बोलत होती. कित्येक रात्री जागलेल्या आईचा तो चेहरा होता. खोटं बोलायला लागते तेवढी ताकदही त्यात उरली नव्हती.

दुपारचं ताट आलं. काळा पाव, चीज, काकडीचे काप. अन्वीने तोंड फिरवलं. ऊर्मिला बघत राहिली. पाण्याची बाटली हॉस्पिटलची, औषध हॉस्पिटलचं, खेळणी धुतलेली.

मग दारातून यमुनाबाई आल्या. अंगात सुनेचा जुना कोट, डोक्याला रुमाल, काखेत कापडी पिशवी. अन्वीच्या चेहऱ्यावर एकदम दिवा लागला. आजी पलंगाच्या कडेला टेकल्या, नातीचे केस मागे सारले आणि हलक्या आवाजात गुणगुणू लागल्या.

"चिंच गं शिजली, गूळ गं विरघळला,
नातीच्या जिभेवर, आजीचा गं गाव आला..."

परक्या मुलखातली पांढरी खोली, आणि त्यात त्या दोन ओळी माजघरातल्या निरांजनासारख्या मऊ पेटलेल्या. ओवी संपली, आणि पाव कुरतडायचा आवाज आला.

अन्वी पाव खात होती. आवडीने! त्यावर तांबूस, चकचकीत काहीतरी माखलेलं होतं.

"आजी, नोख माल!" आणखी दे, म्हणून तिने हात पुढे केला. आजी मराठीत बोलायच्या, नात जर्मनमध्ये उत्तर द्यायची, आणि दोघींचं कधीच काही अडलं नव्हतं. यमुनाबाईंनी पिशवीतल्या बरणीत चमचा बुडवला.

"विहीणबाई, ते काय आहे?"

"चिंचगुळाची चटणी. हिच्यासाठीच करते मी. एकदा घोटून ठेवली की महिनाभर बघायला नको. हा कोरडा पाव पोरीच्या घशाखाली उतरत नाही हो, म्हणून जरा..."

"साधना! तू डॉक्टरला म्हणालीस, घरचं काही नाही!"

साधना गोंधळून बघत राहिली. "अगं मावशी, ते काय जेवण आहे? ते तर तोंडी लावणं!"

भरलेला चमचा अन्वीच्या ओठांशी पोचला होता. ऊर्मिलाने झडप घालून तो हिसकावला. चटणी पांढऱ्या चादरीवर उडाली, आणि अन्वी मोठ्याने रडू लागली.

४

तोंडी लावणं! घरात साताठ वर्षं टिकणारं लोणचं, महिन्याची चटणी, डब्यातलं मेतकूट, यांतलं काहीही आपली माणसं जेवणात धरत नाहीत. डॉक्टरने विचारलं, पोर काय खाते? तर सांगणार भात, वरण, पोळी. जी वस्तू रोज पोटात जाते, ती हिशेबातच नाही.

संध्याकाळी हृषिकेश ऑफिसातून परस्पर हॉस्पिटलात आला. ऊर्मिलाने त्याला कॉरिडॉरमध्ये गाठलं. साधना आणि यमुनाबाई बाकावर बसल्या होत्या, आणि ऊर्मिलाने मुद्दाम बोलावलेली कुंदा खिडकीशी उभी होती. तिला बघून हृषिकेशच्या कपाळावर आठी चढली.

"ही इथे कशाला?"

"सांगते. शिसं सापडलं, हृषिकेशराव. विहीणबाई अन्वीला रोज दुपारी चिंचेची चटणी भरवत होत्या. बरणी प्रयोगशाळेत पाठवलीय."

हृषिकेशच्या तोंडून शब्द निसटले. "कुठल्या भांड्यातली?"

साधनाने चमकून वर बघितलं.

"वा!" ऊर्मिला म्हणाली. "जगातला कुठलाही बाप विचारेल, चटणीत काय घातलं होतं? चिंच कुठली, गूळ कुठला? त्यातून काल तुम्हीच हळदीवर एवढी व्याख्यानं दिलीत. तुम्ही विचारायला हवं होतं, 'कुंदाची हळद होती का त्यात?' पण तुम्हाला आठवलं भांडं."

"मावशी, मी सहज..."

"सहज नाही. मी सांगते, चुकलं तर थांबवा. या घरात हळद चौघंही खातात, पाणी चौघंही पितात. आजारी कोण? जी रोज आंबटगोड खाते ती. तिच्या उष्ट्यातलं घासभर खाणाऱ्या साधनाला थोडी झळ. तुम्हाला पित्त, चिंच चालत नाही. विहीणबाईंना साखर, गूळ चालत नाही. तुम्ही दोघं स्वच्छ. म्हणजे दोष आंबट पदार्थात. आता चिंच स्वतः निरुपद्रवी, पण आंबटाचा एक स्वभाव असतो. ज्या धातूत उकळाल तो धातू ते खरवडून आपल्यात ओढतं. म्हणून तर आपल्या आज्या पितळेला आतून कथलाची कल्हई लावून घ्यायच्या." ती यमुनाबाईंकडे वळली. "विहीणबाई, ही चटणी कशात केलीत?"

"पातेल्यात. माझ्याच. ही शेवटची बरणी. त्यानंतर हृषीने ते नेलं."

"कधी नेलं?"

यमुनाबाईंनी आठवून बघितलं. त्यांचा आवाज हळू झाला. "अन्वीचा रिपोर्ट आला... त्याच दिवशी. घरी आला तो थेट स्वयंपाकघरातच गेला. पाणीसुद्धा प्यायला नाही."

"आणि त्याला कल्हई कुणी केली होती? या गावात कल्हईवाला नाही."

"हृषीनेच की! दिवाळीत. बागेत निखारे पेटवले, कापसाने फिरवून फिरवून आरशासारखं केलंन्. मला इतका अभिमान..." आजीबाई मधेच थांबल्या. त्यांना पुढचं दिसू लागलं होतं.

"कशाने केलीत कल्हई, हृषिकेशराव?"

त्याने चौघींकडे आळीपाळीने बघितलं, आणि मग खिशातून गॅरेजची किल्ली काढली.

५

पातेलं गॅरेजमध्ये होतं. जुन्या लाल गाडीवरच्या ताडपत्रीखाली, गोधडीत गुंडाळलेलं. शेजारच्या फळीवर राखाडी धातूची एक कांडी होती, अर्धी वापरलेली. जुन्या गाड्यांच्या पत्र्याला पोचा आला की तो भरून काढायला वापरतात ती. तिच्यात कथलापेक्षा शिसंच जास्त असतं. ऊर्मिलाने पातेल्याच्या आत पांढरा कागद घासला. कागदावर पेन्सिलीसारखी काळपट रेघ उमटली.

"चमकत होतं," हृषिकेश म्हणाला. "पितळेला छान धरत होतं. मला वाटलं, कल्हई म्हणजे तरी काय, वितळवायचं आणि पुसायचं. त्यात काय रॉकेट सायन्स आहे?"

"कांडीत काय आहे ते बघितलं नाहीत?"

"गाडीच्या कामासाठी आणली होती. गाडीला बघायची गरज नसते."

"आणि रिपोर्टमध्ये शिसं हा शब्द वाचलात, तेव्हा?"

"तेव्हा लगेच पातेलं हलवलं ना मी! स्रोत बंद केला, मावशी. प्रॉब्लेम सॉल्व्ह केला. नंतर कुणी केलं, कशाने केलं, हे उगाळून काय..."

त्याच्या पुढे साधना उभी होती. तिने त्याच्या थोबाडीत मारली नाही, आणि त्यामुळेच तो जास्त दचकला. "सॉल्व्ह केला? बरणी फ्रिजमध्ये होती, हृषी. तू एक वाक्य बोलला असतास तर मी ती फेकली असती. तू गप्प बसलास, आणि आई माझ्या पोरीला रोज चमच्याने भरवत राहिल्या. तुझी लाज राखायला तिचा मेंदू पणाला लावलास?"

"मला चटणीचं माहीत नव्हतं!"

"नव्हतंच," ऊर्मिला म्हणाली. "स्वयंपाकघरात काय शिजतं हे तुम्हाला कधी माहीत होतं? भांडं मात्र सुधारायला निघालात. नकळत चूक होते, राव. ती मी पोटात घालते. पण चूक कळल्यावर तुम्ही सगळ्यात आधी काय शोधलंत? दोष ठेवायला एक बाई!"

कुंदा इतका वेळ दाराशी होती. ती काळी रेघ उमटलेला कागद तिने हातात घेतला, बघितला आणि परत दिला.

चटणीची बरणी बंद झाली आणि अन्वीचं शिसं उतरू लागलं. प्रयोगशाळेने बरणीवर शिक्कामोर्तब केलं. "वेळेवर सापडलं," डॉक्टर हेफेले म्हणाल्या. वर्षभर लक्ष ठेवावं लागणार होतं, पण पोर घरी आली.

त्याच संध्याकाळी साधनाच्या सांगण्यावरून हृषिकेशने ग्रुपवर लिहिलं: 'सखोल तपासाअंती स्रोत म्हणजे किचन इक्विपमेंटमधील तांत्रिक त्रुटी असल्याचे निष्पन्न. हळदीबाबतची शंका निराधार. सर्वांच्या सपोर्टबद्दल आभार.' ग्रुपने लगेच हात जोडले. चौघांनी त्याच्या चिकाटीचं अभिनंदन केलं. लतिकाने लिहिलं, 'शेवटी इंजिनिअर तो इंजिनिअर!'

कुंदा अन्वीला बघायला आली होती. तिने ते वाचलं आणि फोन पालथा ठेवला. "सांगितलं होतं ना ताई, इमोजी येईल म्हणून."

यमुनाबाई स्वयंपाकघरातल्या आपल्या कोपऱ्यात बसून होत्या. गॅरेजपासून त्यांच्या ओठांवर ओवी आली नव्हती. 'मीच भरवलं' एवढंच त्यांनी पुन्हा पुन्हा म्हटलं होतं. आता त्या उठल्या.

"ऊर्मिलाताई, तो माझ्या आवाजाचा निरोप कुठे दाबून पाठवायचा?"

"आई, प्लीज," हृषिकेश म्हणाला. "मी लिहिलंय ना."

"तू लिहिलंस. ते मला वाचून दाखवलं साधनाने. त्यात तू कुठेच नव्हतास, रे."

ऊर्मिलाने साधनाच्या फोनवर ग्रुप उघडला आणि बटण दाबून धरलं. यमुनाबाईंनी फोन तोंडाशी नेला, पदर सारखा केला, आणि ओव्या म्हणायच्या त्याच सुरात, पण कोरड्या आवाजात बोलल्या.

"मी यमुना. हृषिकेशची आई. पातेलं माझ्या सासूचं. त्याला शिशाची कल्हई लावली माझ्या मुलाने. ते कळल्यावर पातेलं लपवलं माझ्या मुलाने. आणि कुंदाचं नाव पहिल्यांदा घेतलं तेही माझ्याच मुलाने. त्यातली चटणी मी भरवली, माझ्या हाताने. कुंदाच्या हळदीत काही नव्हतं. तिला जे जे बोललात, ते आता तिच्या दारात जाऊन परत घ्या. हात जोडायचे तर तिथे जोडा."

निरोप गेला. एकेकाने ऐकल्याच्या निळ्या खुणा उमटत गेल्या. उत्तर कुणाचंच आलं नाही. ग्रुपला गप्प बसता येतं, हे तेव्हा पहिल्यांदाच समजलं.

स्वयंपाकघराच्या दारातून अन्वीने हाक मारली. हातात कोरडा पाव होता. "आजी, नोख माल?"

यमुनाबाई जागच्या हलल्या नाहीत. आपल्या दोन्ही हातांकडे बघत राहिल्या.

कुंदाने बाही वर केली, ओट्याखालून स्टीलचं पातेलं काढून गॅसवर ठेवलं आणि विचारलं, "आजी, चिंच कुठल्या डब्यात आहे? मी ढवळते. गूळ मात्र तुम्हीच घाला. तिला तुमच्या हाताची गोडी कळते."

हृषिकेश मदतीला पुढे झाला. "पातेलं जरा मी..."

"तू बस," चौघी एकदम म्हणाल्या.